श्वास बघायला बसताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. एरवी तिथे सोसायटीच्या खुर्च्या रचलेल्या असतात. दर रविवारी सकाळी साडेसहाला त्या भिंतीकडे सरकवून आम्ही २०-२२ जण सतरंजीवर बसतो आणि आपापला श्वास बघतो. ही बैठक मी १२ वर्षं घेते आहे. त्याआधी ३१ वर्षं नोकरी केली, रोज मुलुंड ते सीएसएमटी आणि परत. या विषयातलं जे काही शिकले, त्यातलं निम्मं शिबिरांत शिकले आणि निम्मं त्या गाडीत.

आठवडाभर फोनवर प्रश्न येत असतात. प्रश्न तेच असले तरी विचारणाऱ्याला ते पहिल्यांदाच पडलेले असतात, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटतं. इथे ते एकत्र केले आहेत, होता होईल तो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. जे एका ठिकाणी सांगितलं ते पुन्हा न सांगता तिथला क्रमांक दिला आहे.

१. श्वासाचं ध्यान म्हणजे नेमकं करायचं काय?

पाठ ताठ, खांदे सैल, डोळे मिटून बसायचं. तोंड बंद ठेवून नाकाने श्वास चालू द्यायचा, जसा चालतोय तसा. नाकपुड्यांच्या कडेला किंवा वरच्या ओठाच्या वर जिथे हवेचा स्पर्श कळतो, तिथे लक्ष ठेवायचं. आत आला, कळलं. बाहेर गेला, कळलं. लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड. थोड्या वेळाने लक्षात येतं की आपण गॅस सिलिंडरच्या बुकिंगपाशी नाहीतर कालच्या भांडणात जाऊन पोचलोय. लक्षात आलं की परत नाकाशी यायचं. सगळी साधना एवढ्यातच आहे.

आत येणारी हवा गार आणि बाहेर जाणारी कोमट लागते, असं बहुतेक ठिकाणी शिकवतात. जानेवारीतल्या सकाळी ते लगेच कळतं. मे महिन्यात मात्र मुंबईची हवाच दमट आणि तापलेली असते, फरक फारसा जाणवत नाही, आणि नवीन माणसाला वाटतं की आपलं काहीतरी चुकतंय. तसं काही नाही. त्या दिवसांत स्पर्शाऐवजी पोटाचं वरखाली होणं धरा. पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर जागा बदला, त्या झोतात श्वासाचा स्पर्श हरवतो.

२. मी रोज अनुलोम-विलोम करते. तेच ना हे?

तेच नाही, पण शेजारचं आहे. प्राणायामात श्वास आपण चालवतो: लांबवतो, रोखतो, या नाकपुडीतून त्या नाकपुडीत नेतो. इथे तो आपला आपण चालतो आणि आपण फक्त बघतो. पतंजलींच्या आठ अंगांत प्राणायाम चौथा आणि ध्यान सातवं, म्हणजे दोन्हींना वेगवेगळी जागा दिलेली आहे.

तुमचं अनुलोम-विलोम बंद करू नका. ते झालं की दोन-चार मिनिटं नुसतं थांबा, श्वास आपल्या चालीवर येऊ द्या, मग बघायला बसा. कपालभातीनंतर थोडं जास्त थांबावं लागतं. प्राणायाम शिकायचाच असेल तर माणसासमोर बसून शिका. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट १९१८ पासून शिकवते आहे, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला सुरू झालेल्या कैवल्यधामचं केंद्र मरीन ड्राइव्हवर आहे. व्हिडिओ बघून श्वास रोखण्याचे प्रयोग करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. हे बौद्ध आहे का? आमच्या घरात स्वामींची उपासना आहे. चालेल का?

हो, ही पद्धत बुद्धाची आहे. पाली भाषेत तिला आनापानसती म्हणतात: आन आणि अपान म्हणजे आतबाहेर करणारा श्वास, सती म्हणजे सजगता. ते ऋण मानूनच बसावं असं मला मनापासून वाटतं. एकदा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी या नजरेने बघून या. शंभराहून जास्त लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळपास हजार वर्षं वापरात असलेली. भिक्षूंच्या खोल्यांत बसाय-झोपायला दगडात कोरलेला एक बाक आणि बाहेर पावसाचं पाणी साठवायला टाकं, एवढ्या सामानावर माणसं इथे, याच पावसात, श्वास बघत बसली. आज मुंबईतल्या कितीतरी बुद्धविहारांत हे शिकवलं जातं.

श्वासाकडे बघण्याची वाट आपल्या इतर परंपरांतही आहे. योगात अजपाजप सांगतात: श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’, न जपता होणारा जप. दिवसाचे असे २१,६०० श्वास धरलेले आहेत, म्हणजे मिनिटाला १५. आजचे डॉक्टर स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास धरतात. ज्यांनी तो आकडा काढला त्यांनी नुसता बसून काढला असणार, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

ऑफिसात ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे शिकवतात त्याचं मूळही हेच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला, धार्मिक भाग बाजूला ठेवून, दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी. तिथून ते नाव जगभर पसरलं.

स्वामींचं नामस्मरण चालूच ठेवा. आमच्या बैठकीला नमाज पढून येणारे एक काका आहेत आणि चर्चला जायच्या आधी येऊन बसणाऱ्या एक मावशी आहेत. अट एकच. श्वास बघताना फक्त श्वास बघा, जपाची वेळ वेगळी ठेवा. दोन्ही एकदम केलं की मन त्या दोघांच्या मधल्या फटीतून निसटतं.

४. गुडघे गेलेत, मांडी घालता येत नाही.

खुर्चीवर बसा. पाठीला टेकू नसेल तर उत्तम, लागत असेल तर कमरेशी छोटी उशी ठेवा. पावलं पूर्ण जमिनीवर टेकली पाहिजेत. पोचत नसतील तर खाली पाट घ्या. खाली बसणाऱ्यांनी बैठक चार बोटं उंच करावी, घडी घातलेली चादर पुरते, म्हणजे गुडघे खाली येतात आणि कंबर दुखत नाही. पायाला मुंग्या आल्या तर पाय हलवा. उठताना मात्र बधिर पायावर उभं राहू नका.

५. किती वेळ बसायचं आणि कधी?

पहिला महिना रोज १० मिनिटं. रविवारी एकदम तासभर बसून आठवडा भरून निघत नाही. वेळ घड्याळापेक्षा घरातल्या एखाद्या कामाला बांधा. आमच्याकडे पहाटे पाणी येतं. पिंप भरून नळ बंद केला की मी बसते, इतकी वर्षं तेच. कुणी डबे भरून झाल्यावर बसतं, कुणी रात्रपाळीहून आल्यावर अंघोळ करून. भरल्या पोटी नको. महिन्याने १५, मग २० मिनिटं. त्यापुढे वाढवायलाच हवं असं नाही.

६. मन एक मिनिटही टिकत नाही. मला हे जमणारच नाही, असं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून सावकाश लिहिते.

तुमचं मन १० मिनिटांत ४० वेळा गेलं असं धरू. मग ते गेल्याचं ४० वेळा तुमच्या लक्षातही आलं, नाहीतर हा आकडा तुम्हाला कळलाच नसता. एरवी आपण ठाण्याहून दादरला येईपर्यंत डोक्यात कुणाशी तरी भांडत असतो आणि उतरेपर्यंत ते कळतसुद्धा नाही. ज्या क्षणी ‘अरे, मी कुठे गेलो होतो’ हे उमगतं, त्याच क्षणासाठी आपण बसतो. तो क्षण ओढून आणता येत नाही, तो आपोआप येतो. आपल्या हातात असतं ते पुढचं: न चिडता परत येणं.

‘न चिडता’ यातच खरी मेहनत आहे. बहुतेक माणसं स्वतःला दटावत परत येतात. मग पुढची पाच मिनिटं दटावण्यात जातात आणि श्वास बाजूलाच राहतो. मनात हळूच ‘विचार’ एवढा एक शब्द म्हणा आणि या. तो विचार का आला, कुठून आला, हे खणत बसू नका.

बैठकीत मला भटकण्याचे दोन प्रकार फार दिसतात. एक म्हणजे कामांची यादी. त्यावर सोपा उपाय: बसायच्या आधी कागदावर सगळी कामं लिहून तो कागद उशीखाली ठेवा. दुसरं म्हणजे भांडण. भांडणाला शरीरात जागा असते, जबडा आवळलेला असतो, पोट ताठलेलं असतं. तिथे आधी जा, जबडा सैल सोडा, मग श्वासाकडे या. सरळ श्वासाकडे यायला गेलात तर भांडण मागोमाग येतं.

मन अजिबात न जाणारी बैठक मला आजवर क्वचितच मिळाली. तिच्यासाठी मी बसतही नाही.

७. श्वास मोजले तर चालतील का?

चालतील, सुरुवातीला तर जरूर मोजा. बाहेर सोडलेल्या श्वासाला एक आकडा, १ ते १०, की पुन्हा १. मध्येच विसरलात तर १ पासून. २३ पर्यंत गेल्याचं लक्षात आलं तर पुन्हा १ पासूनच. आकडे पाठ असल्यामुळे तोंड मोजत राहतं आणि मन भाजी मंडईत असतं, असं व्हायला लागलं की मोजणं सोडून द्या.

८. लक्ष दिलं की श्वास मुद्दाम घेतल्यासारखा होतो. कधीकधी गुदमरल्यासारखंही होतं.

कॅमेरा लावला की चालणं अवघडतं तसंच हे. श्वास ही आपोआप होणारी आणि हवी तेव्हा हातातही घेता येणारी क्रिया आहे. म्हणून लक्ष गेलं की हात आपसूक पुढे होतो. बहुतेकांचं हे दोन-तीन आठवड्यांत मावळतं.

तोवर असं करा. श्वास आत घेण्याकडे लक्षच देऊ नका, फक्त बाहेर जाणारा बघा. तो संपला की थांबा. पुढचा श्वास शरीर स्वतः घेतं. त्याची नुसती वाट बघा. तो आपोआप आत आलेला एकदा जरी कळला तरी भीती निम्मी होते. तरीही अवघड वाटलं तर हाताचे तळवे मांडीवर ठेवून तळव्यांतली ऊब बघा आणि दोन मिनिटांनी श्वासाकडे परत या.

हातापायांना, ओठांना मुंग्या येऊन चक्कर येत असेल तर तुम्ही नकळत जोरजोरात श्वास घेताय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि या खुणा दिसतात. डोळे उघडा, श्वास सैल सोडा, उठून दोन घोट पाणी प्या. गुदमरण्याबरोबर जीव जाईल अशी भीती दाटत असेल तर प्रश्न १७ वाचा.

९. वन रूम किचनमध्ये पाच माणसं. टीव्ही, कुकर, वरच्या मजल्यावर ड्रिलिंग. शांतता आणू कुठून?

ज्या बाईंनी हे पहिल्यांदा विचारलं त्यांचं घर मी बघितलं आहे. मोरीच्या दारात पाट टाकून त्या बसायच्या, कारण तेवढीच जागा रिकामी असायची.

या साधनेला शांत जागा लागते हा गैरसमज आहे. ती मिळाली तर छान, पण ऐकू येणाऱ्या आवाजाने श्वास थांबत नाही. आवाज आला की होतं काय, ते नीट बघा. कुकरची शिट्टी कानावर पडते, तिला काही सेकंदच लागतात. त्यापुढचं ‘तिसरी झाली, गॅस कोण बंद करणार, सगळं मीच करायचं’ हे आपण लावलेलं शेपूट असतं. आवाज ऐकू द्या, शेपूट दिसलं की परत या. ड्रिलिंगसारखा सततचा आवाज असेल तर सरळ तोच बघा: चढतोय, थांबतोय, पुन्हा सुरू. त्या दिवशी श्वासाच्या जागी आवाज.

जोडीला थोडी व्यवस्थाही लागते. घरच्यांना सांगा, ‘दहा मिनिटं मला हाक मारू नका.’ एवढं मागायचा संकोच बायकांना फार वाटतो. तो सोडा. चाळीत असाल तर पहाटेची गॅलरी, इमारतीत असाल तर परवानगी असेल तिथे गच्ची, नाहीतर जवळची बाग. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशाच्या आवाजाने छाती धडधडते तेव्हा बसायचा अट्टहास करू नका. मिरवणूक बघायला जा, दुसऱ्या दिवशी बसा.

१०. लोकलमध्ये केलं तर चालतं का? दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो.

बसायला जागा मिळाली असेल तर चालतं. दारात उभं राहून, फूटबोर्डवर, प्लॅटफॉर्मच्या कडेला किंवा गाडी चालवताना कधीही नाही. आत उभे असाल तर डोळे उघडे ठेवून, हाताने कडी घट्ट धरून.

माझी रीत सांगते. मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या धीम्या गाडीला मध्ये १६ थांबे लागतात. सुरुवातीला मी सबंध प्रवास श्वास बघायची ठरवायचे आणि विक्रोळीलाच वैतागायचे. मग एकाआड एक केलं. नाहूर ते भांडुप श्वास, भांडुप ते कांजूरमार्ग खिडकीबाहेर. पुन्हा कांजूरमार्ग ते विक्रोळी श्वास. दोन स्टेशनांमध्ये दोन-तीन मिनिटं असतात आणि ‘पुढील स्टेशन’ची घोषणा आपोआप जागं करते, वेगळी घंटा लावावी लागत नाही. डोळे अर्धवट उघडे, नजर गुडघ्यांवर, बॅग मांडीवर. बायकांच्या डब्यात शेजारची मेथी निवडत असते, पलीकडे भजन चाललेलं असतं. ते चालू दे.

दादरला गर्दी अंगावर येते तेव्हा श्वास आखूड होतो आणि छातीतच अडकतो. तिथे फक्त बाहेर जाणारा श्वास बघायचा, प्रश्न ८ मध्ये सांगितला तसा. त्याने गर्दी कमी होत नाही, पण धक्का मारणाऱ्या बाईवर ओरडायच्या आधी एक श्वास सापडतो. तो सापडलेला श्वास मला माझ्या सगळ्या शिबिरांइतकाच मोलाचा वाटतो.

११. बसलं की डुलकी लागते.

आधी झोप मोजा. रात्री पाच तास झोपणाऱ्या माणसाला स्वस्थ बसवलं की शरीर आपलं येणं वसूल करतं. त्याने ध्यान सोडून आधी झोपावं. झोप पुरेशी असूनही डोळे मिटत असतील तर तोंडावर पाणी मारा, डोळे उघडे ठेवून बसा, नाहीतर उभ्याने करा. झोपून मात्र करू नका. रात्री झोप येत नाही म्हणून करत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पडूनच करा आणि झोप लागली तर लागू द्या.

१२. सर्दीने नाक बंद आहे. आणि आमच्याकडची हवा इतकी धुळकट आहे की दीर्घ श्वास घ्यायचीच भीती वाटते.

नाक बंद असेल तर तोंडाने श्वास घ्या आणि पोटाची हालचाल बघा. सर्दी नसतानाही एकच नाकपुडी चालू असल्याचं जाणवेल. दोन्ही नाकपुड्यांतला प्रवाह काही तासांनी आलटून पालटून कमी-जास्त होत असतो, ते नैसर्गिक आहे.

हवेची काळजी रास्त आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा मंदावतो, धूर आणि बांधकामाची धूळ जमिनीलगत साचून राहते, त्यातही पहाटे जास्त. त्या दिवसांत उघड्यावर, रस्त्याला लागून बसू नका. खिडक्या लावून घरात बसा. या साधनेत दीर्घ श्वास घ्यायचाच नसतो. एरवी बसल्या जागी जेवढी हवा आत जाते तेवढीच जाते. दमा असेल तर प्रश्न १८ बघा.

१३. ॲप वापरू का? बासरीचं संगीत लावू का?

वेळ लावण्यापुरता फोन ठीक, विमान मोडवर टाकून. सूचना देणारा आवाज पहिले काही दिवस मदत करतो. पुढे त्याच्यावाचून बसवत नाही, म्हणून महिन्याभरात तो सोडा. संगीत नको. बासरी गोडच असते, पण मग आपण बासरी ऐकत असतो.

१४. याने खरंच शांत वाटतं, याला काही शास्त्रीय आधार आहे का?

आहे, पण लोक सांगतात तेवढा अफाट नाही. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित उतरतात. हे व्हेगस या मोठ्या मज्जातंतूमार्फत घडतं. निवांत बसून श्वास बघत राहिलं की बहुतेकांचा तो आपोआप संथ होतो, सोडणं लांबतं, आणि शरीराची विसावा घेण्याची बाजू वर येते. हे शरीरापुरतं झालं. जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा, सुमारे साडेतीन हजार माणसांचा एकत्रित आढावा आला होता. सजगतेच्या ध्यानाने चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत बेताची सुधारणा दिसली. औषधं, व्यायाम यांसारख्या इतर उपायांपेक्षा ते सरस असल्याचं मात्र दिसलं नाही. म्हणून डायबेटिस बरा होतो, गाठी विरघळतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

१५. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला एकदम जाऊ का?

आधी दोन-तीन महिने रोज घरी बसा, मग जा. विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून परतल्यावर १९६९ मध्ये भारतातलं पहिलं शिबिर मुंबईतच घेतलं. पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभं राहिलं आणि गोराईच्या खाडीपलीकडे विश्व विपश्यना पॅगोडा, ज्याच्या विनाखांबी दगडी घुमटाखाली एका वेळी सुमारे ८,००० माणसं बसू शकतात. तिथेही शिबिरं होतात.

दिवस पहाटे ४ ला सुरू होतो, दिवसाला सुमारे १० तास बसणं, पूर्ण मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस फक्त आनापान, नंतर शरीरातल्या संवेदना बघण्याची विपश्यना. फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटतं, ते बहुतेकांना वाटतं. अर्जात मानसिक आजार, चालू औषधं याबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका. कारण पुढच्या प्रश्नांत येईल.

१६. बसलं की रडू येतं. थांबवू का?

येऊ द्या. दिवसभर कामात दडपलेलं मोकळ्या जागेत वर येतं. डोळे पुसा, नाक शिंकरा, पुन्हा बसा. पण रोजच रडू येत असेल, बसून उठल्यावर दिवस उजाड वाटत असेल, किंवा एखादा जुना भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहत असेल तर बसणं थांबवा आणि जाणकार माणसाशी बोला.

१७. मला भीतीचे झटके येतात, नैराश्याच्या गोळ्याही चालू आहेत. ध्यानाने गोळ्या सुटतील का?

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने ‘आता ध्यान करतोय’ म्हणून एकदम बंद केल्या होत्या. त्या दोन महिन्यांत त्याच्या आईने जे भोगलं ते मी जवळून बघितलं, आणि त्याला वेळेवर विचारलं नाही याची खंत मला अजून आहे. तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच विचारते.

भीतीच्या झटक्यात श्वास हाच भीतीचा विषय झालेला असतो. तिथे लक्ष ठेवल्याने काहींची भीती वाढते. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, पावलं जमिनीवर दाबून बसावं, बाहेरचे आवाज ऐकावेत, आणि तीन मिनिटांवर थांबावं. भास होण्याचा किंवा टोकाच्या उन्मादाचा आजार होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब बैठका नकोत, दहा दिवसांचं शिबिर तर नकोच. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, घाम फुटत असेल तर तो भीतीचाच झटका असं घरी ठरवू नका, आधी दवाखाना गाठा.

परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन रुग्णालय या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर सतरंजीवर बसायच्या आधी तो फोन करा.

१८. बीपी, दमा, गरोदरपण. यांत चालतं का?

श्वास नुसता बघायला हरकत नाही. श्वास रोखणं टाळा. बीपीच्या गोळ्या आणि दम्याचा पंप चालूच ठेवा, बसताना पंप हाताशी असू द्या. गरोदरपणी पोट वाढल्यावर श्वास आखूड होतो, तो आखूडच बघा, भिंतीला टेकून.

१९. दोन वर्षं रोज बसतोय. विशेष काही घडलं नाही. मी चुकतोय का?

प्रकाश दिसणं, शरीर हलकं होणं याची वाट बघत असाल तर ती सोडा. फरक बैठकीबाहेर शोधा, आणि जमलं तर घरच्यांना विचारा. हेच विचारणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नीला मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आता हे जेवताना ताट सरकवून उठत नाहीत.’ त्यांना स्वतःला ते लक्षातही आलं नव्हतं. आतली शांतता म्हणतात ती मला अशीच भेटली आहे, उशिरा आणि दुसऱ्याच्या तोंडून.

घरचेही ‘काहीच फरक नाही’ म्हणाले तर बसण्याची पद्धत तपासू. श्वास बघताय की श्वास बघण्याचा विचार करताय? दोन्हींत फरक आहे. नाकाशी होणारा स्पर्श आत्ता, हे वाचताना, कळतोय का ते बघा.

२०. बाबांना फुप्फुसाचा जुना आजार आहे, घरी ऑक्सिजन लावतात. त्यांना श्वासाचं ध्यान शिकवू का?

नको. ज्यांना प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो त्यांचं लक्ष आधीच दिवसभर तिथेच असतं. ते आणखी तिथे न्यायला सांगणं हा त्यांना त्रास आहे. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने ओठांचा चंबू करून श्वास सोडायला शिकवलं असेल तर तेवढं करू द्या, तो उपचार आहे.

माझ्या आईच्या शेवटच्या वर्षात मी ही चूक केली. रोज तिला ‘श्वास बघ’ म्हणायचे आणि ती बिचारी माझ्यासाठी प्रयत्न करायची. एकदा म्हणाली, ‘तो सोडून दुसरं काहीतरी बघायला दे गं.’ मग आम्ही हात धरले. तिचा तळहात माझ्या तळहातात, आणि दोघींनी फक्त ती ऊब बघायची, पाच मिनिटं. तळहात नको असतील तर आवाज घ्या: पंख्याचा, कावळ्यांचा, खालून जाणाऱ्या गाडीचा. बाबांना उशांना टेकवून बसतं करा, तुम्ही शेजारी खुर्ची घ्या, आणि तुम्हाला कोणता आवाज ऐकू येतोय ते आधी तुम्ही सांगा. मग त्यांना विचारा.